तळ्याचा पुरावा

बिल्डरचं म्हणणं होतं की आमच्या घरांमागे तळं कधी नव्हतंच, खड्ड्यात पाणी साचतं इतकंच. तो भरून त्याला इमारती बांधायच्या होत्या. वस्तीतल्या सगळ्या विहिरी त्या तळ्याच्या पाझरावर जगतात, म्हणून सुनावणीला मी गेले आणि लहानपणापासूनचं सगळं सांगितलं.

"आजी, आठवणींवर निकाल देता येत नाही," साहेब म्हणाले. "एखादा जुना कागद आहे का?"

कागद होता, आईच्या ट्रंकेत तळाशी. सात वर्षांच्या आमच्या बहिणीचा मृत्यूचा दाखला. कारण: घरामागील तळ्यात बुडून.

"ताई, आईनं तो जन्मभर कुणाला दाखवला नाही," धाकटा भाऊ म्हणाला. "मेलेल्या पोरीला आता कामाला लावतेस?"

"लावते. त्या पाण्याचा सगळ्यांत जास्त सोस तिलाच होता."

साहेबांनी दाखला दोनदा वाचला. तळं पूर्वीपासून आहे, हे लगेच मान्य केलं.



काल निकाल हातात पडला: 'सदर तळे मुलांच्या जिवास धोकादायक असल्याचे सिद्ध झाल्याने ते तातडीने बुजवण्यात यावे.'