गेटावरची बादली

बादलीत नाणी कुठून आणायची यावर सकाळी बराच घोळ झाला. सिनेमा गरिबाघरचा, खरी नाणी परवडेनात. शेवटी दिग्दर्शकाने, टोबीने, कुठूनतरी लोखंडी वॉशर आणून बादली निम्मी भरली आणि बॅरीला विचारलं, आवाज बरोबर येतो का? बॅरी म्हणाला, येतो. त्याचं लक्ष समोरच्या चहाच्या टपरीकडे होतं.

बॅरी पिंडर सहासष्ट वर्षांचा. चाळीस वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या ग्रिम्सबीत दर शनिवारी फुटबॉलच्या सामन्यानंतर मारामाऱ्या करत हिंडणाऱ्या टोळीत तो होता. आता त्याच मारामाऱ्यांच्या सिनेमाचा सल्लागार. कालच त्याने कपडेपटाच्या मुलीला झापलं होतं. तिने टोळीतल्या सगळ्यांच्या गळ्यात संघाचे स्कार्फ घातले होते. अगं बाई, मारामारीला निघालेला माणूस स्कार्फ घालत नसतो, पोलीस लांबून ओळखतात. स्कार्फ घालतात ती साधी माणसं, त्यांना आम्ही कधी हात लावला नाही.

हे बोलून झालं आणि त्याला जेवण गेलं नाही. कारण कॉलिन साधाच माणूस होता. गोदीवर मासे उतरवायचा, गावातलाच. एका शनिवारी त्याचा स्कार्फ धुऊन वाळत घातलेला, एवढंच. गळा मोकळा दिसला आणि बॅरीला वाटलं, पाहुण्या संघाच्या टोळीतला आहे. एकच ठोसा मारला. कॉलिनचं डोकं फुटपाथच्या कडेवर आपटलं. पुढची नऊ वर्षं तो खुर्चीत बसून होता आणि मग गेला. कुणी मारलं ते पोलिसांना शेवटपर्यंत कळलं नाही.

आणि या शहाण्याने काय करावं? पुढच्याच शनिवारी दोन दोस्तांना घेऊन मैदानाच्या गेटावर बादली धरून उभा राहिला. कॉलिनसाठी द्या हो, कॉलिनसाठी. लोकांनी भरभरून दिलं. असे तीन शनिवार. अर्धे पैसे कॉलिनच्या घरी गेले, अर्धे यांच्या खिशात. गेल्या वर्षी पबमध्ये दोन ग्लास जास्त झाले, तेव्हा बॅरीने ही हकीकत दुसऱ्याच कुठल्या गावची म्हणून सिनेमाच्या लेखकाला सांगितली. लेखकाला आयतंच मिळालं. सिनेमातला ठग या बादलीपासूनच वर चढतो. पुढे खोटी तिकिटं, खोटे विमे, मोठी गाडी.

आज बादलीचा प्रसंग होता, तोही त्याच गेटावर. आणि समोरची टपरी कॉलिनच्या बायकोची होती, मॉरीनची. तीस वर्षं ती तिथे सामन्याच्या दिवशी चहा विकते. वेगळी खानावळ परवडत नाही म्हणून टोबीने आज तिलाच बोलावलं होतं.

बॅरीने खटपट करून पाहिली. मागच्या गेटावर उजेड चांगला आहे, तिकडे जाऊ या, म्हणाला. टोबी म्हणाला, टपरी मागे झकास दिसते. मग बॅरी मॉरीनकडे गेला. तुझे गुडघे दुखतात, घरी जा, मी बघतो इथलं, म्हणाला.

"चाळीस माणसांना चहा तू देणार? तुला अंडं उकडता येत नाही."

दर नाताळला तिचं कार्ड येतं त्याला. आत एकच ओळ असते: मी विसरलेले नाही. ते वाचलं की बॅरीला दोन दिवस स्वतःचीच शिसारी यायची. पण कार्ड येणं थांबलं तर काय, याचीही भीती वाटायची. गावात त्याला भला माणूस म्हणणारी ती एकटीच होती.

तालीम सुरू झाली. एक देखणा नट बादली खुळखुळवत गेटावर उभा राहिला. मॉरीन चहाचा ट्रे घेऊन आली आणि तिथेच थांबली. टोबीने तिला अदबीने विचारलं, तुम्ही तेव्हा याच गावात होता ना, असंच असायचं का हे?

मॉरीनने नटाला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"बादली डाव्या हातात होती," ती म्हणाली. "उजव्या हाताला बँडेज होतं. मी आभार मानायला आले होते, तेव्हा पाहिलं. माशांची पेटी पडली हातावर, असं सांगितलं मला."

टोबी खूश झाला. बँडेज आणा, बँडेज आणा, करत पळाला. कुणाच्या हाताला, हे विचारायचं त्याला सुचलंच नाही.

मॉरीनने बॅरीचा कप त्याच्यापुढे धरला. दोन चमचे साखर, नेहमीसारखी. त्याने घेतला खरा, पण पिववेना.

"तुला माहीत होतं," तो हळूच म्हणाला.

"तीन शनिवार पैसे येत होते, बॅरी. घरात दोन पोरं होती."

"आणि नंतर?"

"नंतर कॉलिनला भरवायचं असायचं. दमून जायचे मी."

रंगपटातली मुलगी बँडेजची गुंडाळी घेऊन आली. नेमकं कसं बांधलेलं होतं, तिने विचारलं. नट हात पुढे करून उभाच होता. बॅरीने कप भिंतीवर ठेवला, कोटाची बाही मागे सारली आणि स्वतःचा उजवा हात तिच्यापुढे धरला. मधल्या दोन बोटांची हाडं कधी सरळ बसलीच नव्हती. मुलगी बांधायला लागली.

मॉरीन रिकामा ट्रे छातीशी धरून बघत होती.

"अंगठा मोकळा ठेव," ती म्हणाली. "अंगठा मोकळा होता."