'जा' म्हणायचं राहिलं

परीक्षा सोमवारवर आलेली आणि सीताबर्डीच्या आमच्या ऑफिसातला कॉम्प्युटर चारशे प्रवेशपत्रं छापली की बंद पडायचा. रोज! माझा नवा प्रोग्राम प्रत्येक नावासाठी जुन्या प्रोग्रामला बोलावायचा. चूक तिथंच कुठंतरी होती, पण सापडत नव्हती.

वैतागून मान वर केली, तर शिपाई लहानुजी टेबलाशी उभे. त्यांनी आणलेली फाईल तासाभरापूर्वीच मी घेतली होती.

"लहानुजी, काहून उभे आहात?"

"तुम्हीच तं बोलावलं, बाई. जा कुठं म्हटलं? जुन्या सायबाची तशीच शिस्त होती."

मी ताडकन उठले. जुन्या प्रोग्रामला चारशे वेळा बोलावलं होतं, 'जा' एकदाही म्हटलं नव्हतं! बोलावलेले चारशेच्या चारशे मशीनच्या मेमरीत दाटीवाटीनं उभे!

एक ओळ वाढवली. मशीन पुन्हा सुरू केलं. चारशे एकावं प्रवेशपत्र बाहेर आलं आणि हॉलमध्ये एकच आरडाओरडा झाला. साहेबसुद्धा टाळ्या वाजवत होते. मी नाचायचीच काय ती बाकी होते.

"बाई," टेबलाशेजारून हळूच आवाज आला, "आता मी जाऊ का?"