बरणीतला समुद्रतळ

"सर, हा गाळ मिळाला की माझं संशोधन मार्गी लागेल," ऋचा म्हणाली. "आता रत्नागिरीसमोर समुद्राचा तळ कुठेही उपसला तरी प्लास्टिकचे कण निघतात. प्लास्टिक येण्याआधीचा गाळ फक्त तुमच्याकडे आहे."

केळुसकर सर खुर्चीत सावरून बसले. तरुणपणी बोटीवरून काढलेला तो गाळ त्यांनी काचेच्या बरणीत जपला होता. "घरात चिखल कशाला?" असं म्हणत त्यांच्या पत्नी शालिनीबाईंनी ती बरणी जन्मभर माळ्यावर ढकलली होती. आज पहिल्यांदाच कुणी तिच्यासाठी मुंबईहून आलं होतं.

"अगं, बरणी आण!" सरांनी हाक मारली.

शालिनीबाई आल्या त्या नवाकोरा प्लास्टिकचा डबा घेऊन. "बरणी फार कळकट दिसत होती हो. तुमच्या कामाचं एवढं कौतुक होणार, म्हणून सकाळीच गाळ यात काढला. तळाशी चिकटलेला नायलॉनच्या घासणीने खरवडला. चिमूटभरही वाया जाऊ दिला नाही."

ऋचाने हताशपणे सरांकडे पाहिलं. गाळात आता घासणीचे धागे मिसळले होते. तुलनेसाठी तो निरुपयोगी झाला होता. सरांचा आवाज चढणारच होता. पण बायकोने आयुष्यात प्रथमच त्यांच्या चिखलात हात घातला होता आणि शाबासकीची वाट पाहत ती उभी होती.

"छान केलंस," ते म्हणाले.

ऋचाने डबा पिशवीत ठेवला. ती फाटकापाशी पोचली, तेव्हा शालिनीबाईंनी मागून ओरडून सांगितलं, "डबा परत द्यायला येऊ नकोस गं! असे घरात ढीगभर पडलेत."