पाहुणी देवी

कतारमधल्या अल वक्र्यातल्या फ्लॅटमध्ये अंतरानं भिंतीवरचा सासऱ्यांचा हार घातलेला फोटो कपाटात कोंबला आणि त्याच खिळ्याला जुनं फ्रेंच छापचित्र टांगलं. हौसाबाईच्या काळजाला घरं पडली, पण तिनं एवढंच विचारलं, “ही उघडी बाई कोण?” “आई, रोमन लोकांची देवी आहे, डायना. न्हाताना चोरून पाहणाऱ्या शिकाऱ्याला तिनं हरीण करून त्याच्याच कुत्र्यांकडून फाडवलं.” “बरं केलं,” सासू म्हणाली. शुक्रवारी पाहुणे यायच्या आधी सून अंघोळीला गेली, तेव्हा हौसाबाईनं चौकट उघडून कागद परातीत ठेवला, मळवट भरला आणि वरून दूध, दही, मध, तूप ओतलं. कागदाच्या देवाला नुसतं फुलानं पाणी शिंपडतात, हे तिला चांगलं ठाऊक होतं. “काय केलंत हे, आई?” म्हणत अंतरा परातीकडं धावली. “देवीच म्हणालीस ना?” हौसाबाईनं पळी पुढं केली. “तीर्थ घे.”