थरथर

सुपडूच्या हातातला कप बशीवर खडखडला आणि चहा त्याच्या मांडीवर सांडला. अमळनेरहून आलेल्या धम्मपालने बहिणीकडे पाहिलं.

"अक्का, भाऊजींनी पुन्हा सुरू केली."

"नाही," मंदाबाई म्हणाली.

"हात बघ की त्यांचे!"

"दारू बठ्ठी सोडी दिन्ही मी," सुपडू खाली मान घालून म्हणाला. पण जीभ अडखळत होती, त्यामुळे ते कुणाला खरं वाटेना.

बुद्धपौर्णिमेला त्याने विहारात सगळ्यांसमोर पंचशील घेतलं होतं. त्यानंतर थेंबही नाही. तरी पावसाळा सरता सरता हात कापू लागले, हिरड्या सुजल्या. एकदा तर पोटच्या मुलीचं नाव त्याला आठवेना. गल्लीतले लोक तोंड फिरवून हसत.

"ते पीत नाहीत. मला माहीत आहे," मंदाबाई म्हणायची.

"कशावरून?"

"बायको आहे मी त्यांची."

तिनेच त्याला जळगावातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर वृषालींनी दारूचं नावही काढलं नाही. त्यांनी विचारलं, "काम काय करता?"

सुपडू सराफ बाजारात पितांबर शेठच्या कारखान्यात होता. सोनारांच्या दुकानांतली झाडलोटीची माती पाऱ्यात घोळवायची, मग तो पारा तापवून उडवायचा. खाली सोनं उरतं.

तपासणीचा निकाल आला. "अंगात पारा भिनलाय," डॉक्टर म्हणाल्या. "त्याची वाफ दिसत नाही, वासही येत नाही. मेंदूला आणि मूत्रपिंडांना धरते."

मंदाबाई रडली. पण मनावरचं ओझं उतरल्यासारखंही तिला वाटलं. तशीच ती कारखान्यात गेली.

"माझ्या माणसाला लोक दारुडा म्हणाले, शेठ! तुमच्या भट्टीनं केलं हे!"

सुपडूने काम सोडलं. मंदाबाईने चार घरची धुणीभांडी धरली. दुपारी धावत घरी यायची, त्याला शेजारी बसवून भरवायची. "खा. बरे व्हाल," म्हणायची.

तो बरा झाला नाही. दिवाळीनंतर पाय सुजले, लघवी कमी झाली. पुन्हा दवाखाना. आता खाटेवरच.

एका दुपारी मंदाबाईने घरून आणलेलं त्याचं जेवण होत आलं असताना डॉक्टर नवा रिपोर्ट घेऊन आल्या. त्यांच्या कपाळावर आठ्या होत्या.

"सुपडूभाऊ, काम सोडून महिने झाले, तरी पारा वाढतोच आहे. कारखान्यातल्या बाकीच्यांच्या अंगात एवढा नाही. हा तोंडावाटे जातोय. भस्म, पुडी, गावठी औषध असं काही घेता का?"

सुपडू कष्टाने हसला.

"नाही, मॅडम. मंदाच्या हातचं सोडून मी काहीच खात नाही." मग जरा मान वर करून म्हणाला, "दारूसुद्धा मी माझ्या मनानं सोडली. लोकांना औषधं लागतात. मला नाही लागलं."

मंदाबाई भिंतीला टेकली. धुळ्याच्या वैदूने दिलेली दारू सोडवायची पुडी ती बुद्धपौर्णिमेच्या आधीपासून रोज, त्याला न सांगता, वरणात कालवत होती.

आजचं वरण त्याने बोटांनी पुसून खाल्लं होतं.