जास्त मळलेले

सून आपली कामावरची डांगरी छातीशी धरून बैठकीच्या खोलीत आली, तेव्हा सासूबाई आपल्या धाकट्या बहिणीला चहाचा दुसरा कप भरून देत होत्या. डांगरी निळी होती, म्हणजे कधीकाळी होती. आता ग्रीस आणि ऑइल यांच्यामधून निळा रंग शोधावा लागत होता.

कपडे धुण्याचं मशीन गॅलरीत होतं आणि गॅलरीत जायचं तर पाहुण्यांच्या समोरून जाण्यावाचून वाट नव्हती. एरवी ती थांबली असती. पण उद्या सकाळची पाळी होती, आणि कमरेवरचं पुरळ आता बसू देत नव्हतं की वाकू देत नव्हतं. डांगरी न्हाणीघरात बादलीत घासायची, तिथेच दारामागच्या खिळ्याला अडकवायची आणि सकाळी ओलसरच अंगात चढवायची, त्यानंच ते पुरळ उठलं होतं. लग्न झाल्यापासून हे असंच चाललं होतं.

"हे कुणाचं गं?" मावशींनी कप खाली ठेवत विचारलं.

सुनेनं तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "अगं, तो पंखा दुरुस्त करायला माणूस आला होता ना, त्याचं. विसरून गेला वेंधळा."

पंखा सुनेनंच दुरुस्त केला होता, मागच्या रविवारी, स्टुलावर चढून. स्टूल सासूबाईंनीच धरलं होतं.

नातेवाइकांत सासूबाई सांगत, सून गाड्यांच्या कंपनीत असते. त्यात खोटं काहीच नव्हतं. गाडीसमोर टेबल मांडून बसते की गाडीखाली आडवी होते, ते कुणी विचारत नसे आणि त्याही सांगत नसत. झाकली मूठ सव्वा लाखाची.

सुनेला आधी लाज वाटली. मग आपल्याला लाज वाटली, याचाच तिला संताप आला.

ती तडक गॅलरीत गेली. मशीनवर सासूबाईंनी स्वतः विणलेलं पांढरंशुभ्र आच्छादन होतं. डांगरीचे खिसे उलटे करून तिनं एक बोल्ट, एक काळी चिंधी आणि बोटभर पाना काढला आणि तिन्ही वस्तू त्या आच्छादनावर ओळीनं ठेवल्या. गुडघ्यांवरच्या ग्रीसला भांड्यांचा साबण ती आधीच चोळून आली होती. तिनं डांगरी आत कोंबली आणि दार लावलं.

मशीनच्या गोल बटणाभोवती लिहिलं होतं: नाजूक, रोजचे, जास्त मळलेले. सासूबाईंचे गाऊन नाजूकमध्ये निघत. नवऱ्याचे शर्ट रोजचेमध्ये. जास्त मळलेलेवर सासूबाईंनी चिकटपट्टी लावून टाकली होती. आपल्या घरात इतकं मळतंच कोण, असा त्यांचा सवाल असे. सुनेनं पट्टीचं टोक नखानं उचकटलं आणि सगळी पट्टी एका झटक्यात ओढून काढली.

"अगंबाई, परक्या माणसाचे कपडे आपल्या मशीनमध्ये?" आतून मावशी म्हणाल्या.

"परक्याचे नाहीत, मावशी. माझेच आहेत. मी गाड्या दुरुस्त करते."

तिनं बटण फिरवलं आणि मशीन सुरू केलं.

सासूबाई लगबगीनं गॅलरीत आल्या. मशीनवरचा पाना बघून त्यांचा चेहरा पडला. "चारचौघांत अब्रू घालवलीस," त्या दात ओठ खात पुटपुटल्या. "बंद कर आधी. मशीनची वाट लागेल."

"मशीन त्यासाठीच असतं, आई. त्यावर लिहिलंच आहे तसं."

सासूबाईंनी स्वतःच मशीन बंद केलं आणि दार ओढलं. उघडेना. पुन्हा ओढलं. या असल्या मशीनचं एक बरं असतं, एकदा आत पाणी भरलं की दार कुणाचं म्हणजे कुणाचं ऐकत नाही. सुनेनं शांतपणे त्यांच्या हाताशेजारून हात घालून मशीन परत सुरू केलं.

डांगरीच्या पट्ट्यांची लोखंडी बकलं काचेवर आपटू लागली. ठक्. ठक् ठक्. कुणी आतून दार वाजवावं तशी. सासूबाई खोलीत जाऊन बसल्या आणि आवाज चढवून मावशींच्या मुलाच्या नोकरीची चौकशी करू लागल्या. मशीनही इरेला पेटल्यासारखं ठोकत राहिलं.

मावशींचं त्या चौकशीकडे लक्ष नव्हतं. त्यांनी आधी वरच्या पंख्याकडे पाहिलं, मग गॅलरीच्या दारात उभ्या असलेल्या सुनेकडे.

"आणि पंखा?"

"तोही मीच केला."

मावशी उठल्या, आपली खुर्ची उचलली, मशीनच्या समोर नेऊन ठेवली आणि चहाचा कप घेऊन तिथं बसल्या. "बाई बाई, फेस बघ कसा काळाकुट्ट आलाय," त्या म्हणाल्या. त्यांना मजा वाटत होती, हे लपत नव्हतं.

सासूबाईंनी थोडा वेळ एकटीनं बसून पाहिलं. मग त्याही दाराशी आल्या. त्यांचा आवाज आता खाली आला होता.

"निदान वाळत तरी आत घाल. इथून सगळ्या रस्त्याला दिसतं."

सून गॅलरीच्या कठड्याशी गेली. पुढच्या दोरीवर सासूबाईंचे गाऊन होते आणि नवऱ्याचे शर्ट होते. तिनं गाऊन एका बाजूला सरकवले, शर्ट दुसऱ्या बाजूला सरकवले आणि मधे दोन्ही हात पसरून जागा मापून पाहिली.

"आई, मोठे चिमटे कुठे ठेवलेत?" तिनं मागे न बघता विचारलं. "जड कपडा आहे."