पागेदाराची समाधी

नवरीच्या हातात खडा देत सासूबाई म्हणाल्या, “मार. वेशीवरच्या या समाधीला खडा मारूनच प्रत्येक सून गावात शिरते.”

“कोणाची आहे?”

“घोडदळातल्या पागेदाराची. गादीसाठी दोन भाऊ लढले, तेव्हा हा आपल्या बाजूचा. तुझं सावरगाव जाळायला धाडला, तर हुकूम मोडून घोडी माघारी आणली मेल्यानं. हरलो ना आपण त्यापायी!”

वऱ्हाड खोळंबलं होतं. नवरीनं खडा खाली ठेवला आणि केसांतला गजरा काढून समाधीवर वाहिला.

“अगं, पहिल्याच दिवशी रीत मोडतेस?”

“यानं हुकूम मोडला नसता, तर माझं माहेरच उरलं नसतं. थोरली सून आहे ना मी? मग धाकट्या जावेला इथं मीच आणणार. तिच्या हातात फूल देईन.”